तुम्ही विचारलंत म्हणून: रोबसन गप्प का बसला?

पॉल रोबसन या काळ्या अमेरिकन गायक-नटावर कुठेही बोललो, रेकॉर्डी ऐकवल्या, की चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच. "आवाज काय हो त्याचा! पण एवढा अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस स्टॅलिनबद्दल का गप्प बसला?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद असतो. आजवर मी दोन वाक्यांत वेळ मारून नेली. आता एकदा सविस्तर सांगून टाकतो. त्याचा फुटबॉल, कोलंबिया विद्यापीठातलं वकिलीचं शिक्षण, ऑथेल्लो हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

आधी थोडं भांडून घेतो. हाच जाब तुम्ही अण्णा भाऊंना विचारता का? स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांचाच, आणि 1961 मध्ये रशियाला जाऊन तेही भारावूनच परतले. त्यांच्या जयंतीला आपण मिरवणुका काढतो आणि हिशेब मागायला मात्र रोबसनकडे जातो. 1934 च्या डिसेंबरमध्ये तो पहिल्यांदा मॉस्कोला निघाला, तेव्हा वाटेत बर्लिनच्या स्टेशनवर नाझींच्या टोळक्याने त्याला घेरलं होतं. तिथून पुढे मॉस्कोत उतरल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं की इथे आपल्याकडे माणूस म्हणून बघतात. घरी, अमेरिकेत परिस्थिती अशी, की काळ्या माणसांना झुंडीने मारण्याविरुद्ध कायदा करा एवढंच सांगायला तो 1946 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना भेटला आणि हात हलवत परत आला. आणि त्याची साठी 1958 मध्ये आपल्याकडे साजरी झाली, त्या समितीचे अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छगला होते. नेहरूंनी पाठिंब्याचं निवेदन काढलं. सोहळा होऊ नये म्हणून अमेरिकी वकिलातीने खटपट केली. तेव्हा आपल्या लोकांनी त्याला काही विचारलं नाही.

झालं भांडून. तुमचा प्रश्न जागच्या जागी आहे, कारण अण्णा भाऊंच्या खोलीत इत्झिक फेफर येऊन बसला नव्हता.

फेफर हा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला, रशियातला कवी. सोलोमन मिखोएल्स मॉस्कोच्या ज्यू रंगभूमीचा मोठा नट. दोघं 1943 मध्ये नाझींविरुद्ध मदत गोळा करायला अमेरिकेत आले आणि रोबसनशी त्यांची दोस्ती जमली. 1948 च्या जानेवारीत मिखोएल्स मिन्स्कमध्ये गेला. जाहीर झालं अपघात म्हणून, प्रत्यक्षात तो स्टॅलिनच्या पोलिसांनी केलेला खून होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फेफरला उचललं. यातलं रोबसनला नीट काही माहीत नव्हतं. 1949 च्या जूनमध्ये तो मॉस्कोला गेला आणि म्हणाला, मला फेफरला भेटायचंय. टाळाटाळ झाली. शेवटी तुरुंगातून काढून, ठीकठाक कपडे घालून फेफरला त्याच्या हॉटेलच्या खोलीत आणून सोडलं.

खोलीत चोरून ऐकायची यंत्रं होती, हे फेफरने खुणेनेच सांगितलं. मग तोंडाने चालल्या घरच्या गप्पा, कोण कसं आहे वगैरे, आणि हातांनी नि चिठ्ठ्यांनी दुसरंच. मिखोएल्सला मारलं, वरून हुकूम होता. बाकीचे आत आहेत. आणि स्वतःचं काय होणार, तर गळ्यावरून फिरवलेलं बोट. थोड्या वेळाने त्याला परत नेलं. रोबसनसारखा धिप्पाड माणूस, ज्याचा आवाज माइकशिवाय सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा, तो त्या खोलीत मोठ्याने हवापाण्याचं बोलत बसला होता. मला हे डोळ्यांपुढे आणवत नाही आणि आल्याशिवायही राहत नाही.

हे आपल्याला कळतं त्याच्या मुलाकडून, तेही बापाच्या मृत्यूनंतर. भेटीच्या तपशिलांवर शंका घेणारे आहेत. शिवाय फेफर स्वतःच एकेकाळी पोलिसांचा खबऱ्या होता, हेही पुढे बाहेर आलं. गोष्ट सरळ नाहीच.

14 जूनला चायकोव्हस्की सभागृहात मैफल होती. शेवटी रोबसन मिखोएल्सबद्दल बोलला, फेफरला नुकताच भेटलो असं नाव घेऊन सांगितलं, आणि ज्यू बंडखोरांचं गाणं यिडिशमध्ये गायला. त्या दिवसांत, त्या शहरात! ध्वनिमुद्रणात गाणं मिळतं, आधीचं बोलणं मिळत नाही. आणि त्यानंतर अमेरिकेत परतल्यावर वार्ताहरांना म्हणाला, रशियात ज्यूंचा छळ वगैरे मला काही दिसलं नाही. घरी मुलाला खरं सांगितलं, पण मी गेल्यावरच बाहेर काढ असा शब्द घेऊन.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी लिहिलं होतं की गाणं हेच त्याचं निवेदन होतं, याहून जास्त बोलला असता तर फेफरचा जीव धोक्यात आला असता. त्या लेखाशी आज माझं पटत नाही. फेफरला तसंही 12 ऑगस्ट 1952 ला आणखी बारा जणांबरोबर मारलंच. खबर दाबून ठेवली होती, रोबसनला कळायचा संबंध नव्हता, हे मान्य. पण त्याच डिसेंबरात त्याला स्टॅलिन पारितोषिक जाहीर झालं, त्याने ते घेतलं, आणि स्टॅलिन मेल्यावर भरभरून मृत्युलेखही लिहिला. मृत्युलेख न लिहिल्याने कुणाचा जीव जाणार होता?

पण पूर्ण उलट्या बाजूलाही मला जाता येत नाही. मॉस्कोहून परतल्यावर अडीच महिन्यांच्या आत, 27 ऑगस्ट 1949 ला, न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किलला त्याची मैफल जमावाने उधळून लावली. 4 सप्टेंबरला ती पुन्हा ठरवली, झालीही, तर परतणाऱ्या गाड्यांवर दगड बरसले आणि पोलीस बघत राहिले. जमाव शिव्या कुणाला देत होता? काळ्यांना आणि ज्यूंना, एका दमात. त्या उन्हाळ्यात त्याने मॉस्कोविरुद्ध तोंड उघडलं असतं, तर त्याच्या शब्दांचा वापर याच लोकांनी केला असता. 1950 मध्ये पासपोर्ट काढून घेतला. सरकारच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कारणांत हेही होतं, की हा आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी फार खटपट करतो. वर्षाला लाखभर डॉलर कमावणारा माणूस काही हजारांवर आला.

12 जून 1956 ला त्याला अमेरिकी संसदेच्या, कम्युनिस्टांची झडती घेणाऱ्या चौकशी समितीपुढे उभं केलं. स्टॅलिनच्या अत्याचारांवरचं सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं गुप्त भाषण आठवडाभर आधीच अमेरिकी वर्तमानपत्रात आलं होतं. स्टॅलिनच्या छावण्यांबद्दल विचारल्यावर त्याने सुनावलं, की गुलामांच्या जहाजांवर आणि मळ्यांवर माझे कोट्यवधी लोक मेले त्याला तुम्ही जबाबदार आहात, मला दुसऱ्या कुणाबद्दल विचारू नका. हे वाचताना मी दर वेळी त्याच्या बाजूने असतो. त्या समितीला तो प्रश्न विचारायचा अधिकारच नव्हता. फेफरला होता.

आणि इथे मी अडकतो. 1958 मध्ये पासपोर्ट परत मिळाला, तो लंडनला राहायला गेला, स्टॅलिन जाऊन पाच वर्षं झाली होती. पुढे तो खचला, 1961 मध्ये मॉस्कोत त्याने मनगट कापून घेतलं. त्याचा धागा या गुपिताशी जोडणारे आहेत, मी जोडत नाही. पुरावा नाही आणि सोयीचं फार आहे. आजारी होता म्हणून बोलला नाही, असंही मी म्हणणार नाही. 1959 मध्ये स्ट्रॅटफर्डला त्याने ऑथेल्लो केला, 1960 मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या बांधकामावर जाऊन कामगारांपुढे गायला. आवाज होता, ऐकायला माणसं होती, पासपोर्ट खिशात होता.