आमची वाटचाल : चादरी, पाणी आणि पहाटेचं इटालियन

सोलापुरात इटालियनचा क्लास चालतो कसा असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर सोलापूरची पोरं आमच्याकडं थोडीच आहेत, बाकी सगळी अमेरिकेत, न्यू जर्सी न्यूयॉर्क साइडला, आणि आम्ही इथं पूर्व भागात माझ्या धंद्यातल्या पार्टनरच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत.

सुरुवात टॉवेलपासून झाली. मी एका टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांकडं ऑफिसला होते, त्यांनी इटलीचे जुने रेपिअर लूम, म्हणजे विणायची मशिनं, घेतलेले, मॅन्युअल सगळं इटालियनमध्ये आणि पार्टसाठी मेल टाकला की उत्तर पण इटालियनमध्येच. शेठ म्हणाले तुला भाषेची आवड आहे ना, मग शिकून टाक की. झालं, शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, रविवारी दिवसभर मुंबईत क्लास, रात्री परत तीच गाडी आणि सोमवारी स्टेशनवरून घरी, आंघोळ, डबा, ऑफिस. तीन वर्षं हे केलं. शेवटी सिएनाच्या परदेशी लोकांसाठीच्या युनिव्हर्सिटीची चिल्स म्हणून इटालियनची परीक्षा असते ती बी टू लेव्हलची, म्हणजे मधल्यापेक्षा वरची, पास झाले आणि २०१४ मध्ये नोकरी सोडली. घरात दोन महिने कुणी नीट बोलत नव्हतं.

पहिली चार वर्षं सांगण्यासारखं फार काही नाही. मशिनरीची पत्रं भाषांतर करायची, मिलान नाहीतर तोरिनोला शिकायला निघालेल्या पोरांना बोलण्यापुरतं शिकवायचं, कधी पगाराएवढं सुटायचं कधी लाइटबिल पण नाही. मध्ये एका ट्युटरिंग साइटवर नाव टाकलं, त्यांनी कमिशन एवढं कापलं की त्यापेक्षा शेंगाचटणी विकली असती तर बरं झालं असतं.

२०१८ ला नणंदेच्या मैत्रिणीचा न्यू जर्सीहून फोन आला. मुलगी हायस्कूलला, शाळेत इटालियन घेतलंय, आता एपी देणार, कुणी शिकवेल का. तिकडं इटालियन वस्ती जुनी आणि मोठी, त्यामुळं बऱ्याच शाळांत हा विषय असतो. एपी म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या लेव्हलची परीक्षा, कॉलेज बोर्ड नावाची तिकडची संस्था घेते, मे महिन्यात, मार्क १ ते ५. तीन किंवा वर आले तर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात, म्हणजे पुढची फी वाचते, म्हणून आईबाप मागं लागलेले असतात. मी वाचत बसले तर कळलं की एपी इटालियन २००६ ला सुरू झाली, पोरं कमी म्हणून २००९ नंतर बंदच केली आणि २०१२ ला परत आली. नवरा म्हणाला परत बंद झाली तर काय करणारेस? मी म्हटलं टॉवेल आहेतच.

आता चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी त्या पोरीला वर्षभर व्याकरण शिकवलं. जसं मी स्वतः शिकले तसं. कोंजुंतीवोचे, म्हणजे शंका नाहीतर इच्छा सांगायच्या क्रियापदाच्या रूपांचे, तक्ते पाठ, अनियमित क्रियापदं पाठ, वहीभर रिकाम्या जागा भरा. पोरगी हुशार, सगळं बरोबर लिहायची, मी खूश. जुलै २०१९ ला निकाल आला, २. तिची आई फोनवर एक शब्द वाकडा बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. अर्धी फी परत पाठवली, बँकेचे चार्जेस जाऊन तिकडं किती पोचली देव जाणे.

त्याच महिन्यात माझी पार्टनर आली. पद्मशाली घरातली, तेलुगू बोलणारी, आमच्याच क्लासला शिकून माझ्यापेक्षा चांगलं बोलायला लागलेली. तेलुगूला पूर्वेची इटालियन म्हणतात ते ऐकलं असेल, शब्द स्वरावर संपतात म्हणून. पण हिला बोलताना ऐकलं की ते नुसतं म्हणायचं नाही हे पटतं. ती म्हणाली आधी पेपर बघू, पुस्तक राहू दे. बसलो दोघी. निम्मे मार्क ऑब्जेक्टिव्हचे, ६५ प्रश्न, त्यातले ३५ ऑडिओ असलेले. उरलेल्या निम्म्यात चार गोष्टी आणि चौघींना सारखेच मार्क : पंधरा मिनिटांत मेलला उत्तर, तीन सोर्स वापरून निबंध, मग संवाद आणि मग दोन मिनिटं संस्कृतीवर तुलना. म्हणजे मी जे तक्ते घोटून घेत होते त्यांचा सरळ एकही प्रश्न नाही, आणि संवादात समोरून रेकॉर्डिंग बोलतं, बीप वाजतो आणि वीस सेकंदांत तुम्ही बोलायचं, असं पाच वेळा. आमच्या पोरीनं त्या वीस सेकंदांत मनात क्रियापद चालवलं असणार आणि तोवर दुसरा बीप.

मग आम्ही सगळं उलटं केलं. रोज क्लासची सुरुवात वीस सेकंदांनी. पार्टनर प्रश्न रेकॉर्ड करायची, तर शेजारी पॉवरलूमची खटखट दिवसभर, ती सगळी माइकमध्ये. साउंडप्रूफिंगचा भाव विचारला आणि गप्प बसलो. भिंतींना चार सोलापुरी चादरी लावल्या, मोरांची डिझाइन असलेल्या, आणि खरंच आवाज निम्मा झाला. पंखा मात्र बंदच ठेवावा लागतो. एप्रिलमध्ये बेचाळीस डिग्रीत दार लावून पंखा बंद करून "आणि तू सुट्टीत काय केलंस?" असं हसत हसत इटालियनमध्ये विचारायचं म्हणजे काय ते करून बघा एकदा.

मेलचा प्रश्न वेगळाच. पोरं चाओनं, म्हणजे दोस्तांशी बोलतात तशी, सुरुवात करायची आणि समोर असायचा एखाद्या संस्थेचा डायरेक्टर. तिथं लेइ लागतं, मानाचं, आणि ते क्रियापद तृतीयपुरुषी चालतं, समोरच्याशी बोलताना जणू तो तिथं नाहीच. अमेरिकेतल्या पोरांच्या डोक्यात हे शिरेना. एका मुलाची आजी स्क्रीनच्या मागं बसलेली असायची, सोलापूरचीच, ती एकदम म्हणाली, "अरे आपण म्हणतो की, काय पाव्हणं, कधी आलं?" संपलं. पाव्हणा समोर बसलाय आणि विचारतोय मात्र तिसऱ्या कुणाबद्दल विचारल्यासारखं. तेव्हापासून आमच्याकडं लेइला पाव्हणं म्हणतात. तसंच ते भूतकाळाचं. "ला पित्झा लो मांजाता, इल रीझो लो मांजातो", पित्झा खाल्ली म्हणून ता आणि भात खाल्ला म्हणून तो. इंग्लिशमधून समजवायला अर्धा तास जातो, पण घरात मराठी असेल तर भाकरी खाल्ली, भात खाल्ला, एवढ्यात होतं. (पित्झा तिकडं स्त्रीलिंगी, हे आमच्या घरात आजही कुणी मान्य करत नाही.) आणि त, द चा उच्चार. अमेरिकन ट, ड काढायला महिने जातात, आम्ही सरळ मराठी तांब्या म्हण, दही म्हण, तोच त तोच द इथं लाव.

२०१९-२० ला तीन पोरं होती. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि कॉलेज बोर्डनं सांगितलं की परीक्षा घरून होणार, ऑब्जेक्टिव्ह नाही, निबंध नाही, मेल नाही, फक्त बोलायचे दोन प्रश्न, संवाद आणि तुलना, मोबाइल नाहीतर टॅबवर रेकॉर्ड करून. आम्ही एकमेकींकडं बघत बसलो. वर्षभर दुसरं केलंय काय! एकीला ५, दोघांना ४. नशीब म्हणा हवं तर, मी पण तेच म्हणते, कारण नेहमीचा पेपर असता तर निबंधाला आमची तेव्हा फार काही तयारी नव्हती. ते पुढच्या वर्षी बसून करावं लागलं, सोर्सचा उल्लेख कसा करायचा, आलेखातला आकडा वाक्यात कसा बसवायचा.

तुलनेचा एक किस्सा लिहिल्याशिवाय राहवत नाही. इटलीतली एक गोष्ट आणि आपल्या समाजातली एक, चार मिनिटं तयारी, दोन मिनिटं बोलणं. पोरं सगळी ख्रिसमस नाहीतर थँक्सगिव्हिंग घ्यायची, ऐकून कंटाळा. ज्या मुलाची आजी सांगितली तो लहानपणी एकदा गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, आला होता. आम्ही त्याला उंब्रियातल्या गुब्बिओ गावाचं सांगितलं, तिथं १५ मे ला तीन अवजड लाकडी चेरी (फळ नव्हे, मेणबत्तीवरून नाव पडलेले उंच खांब), एकेक अडीचशे किलोच्या वर, खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून पळत डोंगरावरच्या संत उबाल्दोच्या चर्चपर्यंत नेतात. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "बट दॅट्स नंदीध्वज." मग काय, संक्रांतीच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे आपले सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सिद्धेश्वरांचं अक्षता सोहळ्यातलं लग्न, सगळं इटालियनमध्ये. बाराबंदीला शब्द सापडेना म्हणून तो बाराबंदीच म्हणाला. आजी मागं डोळे पुसत होती आणि मी मात्र घड्याळ बघत होते, दोन मिनिटं अकरा सेकंद, अकरा सेकंद जास्त.

धंद्याचं म्हणाल तर आता आम्ही तिघी आहोत, वर्षाला दहाबारा पोरं, त्यापेक्षा जास्त घेत नाही कारण बोलायचा विषय आहे, पंचवीसजणांना एकदम बोलता येत नाही. फी आधी रुपयात घ्यायचो, मूर्खपणा, आता डॉलरमध्ये. पहिल्या पोरीच्या धाकट्या भावानं पण आमच्याकडंच केलं, तिच्या आईनं कशाला विश्वास ठेवला मला अजून कळलेलं नाही, विचारलं पण नाही.

वेळेचा घोळ मात्र सुटत नाही. हिवाळ्यात सकाळी सहाचा क्लास म्हणजे तिकडं आदल्या संध्याकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढं जातं आणि आमचा क्लास पाचला येतो. पहिल्या वर्षी आम्ही सहाला बसलो, तिकडची पोरगी बिचारी तासभर थांबून जेवायला गेली होती. आता फेब्रुवारीपासूनच दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. पण पाचला बसलो की पाण्याचा प्रश्न. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं आणि नेमकं पहाटे आलं की खालून पार्टनरच्या सासूबाईंची हाक, "पाणी आलंय, मोटर लावा!" परवा संवादाच्या मध्येच ती हाक गेली, आणि तिकडच्या पोरीनं बीप वाजायच्या आत अस्खलित इटालियनमध्ये विचारलं, आर्रिवाता लाक्वा? पाणी आलं का? पार्टनर मोटर लावायला पळाली आणि मी त्या पोरीला त्या ता चे मार्क दिले.