मारलं आईनेच, मग रडली का?

पंचवटीत आमचा मुलांचा वाचनगट दर रविवारी सकाळी बसतो. मुलांना न्यायला आलेले पालक हमखास विचारतात, ‘घरी विचारलं तर “छान होतं पुस्तक” एवढंच म्हणतो. इथे तासभर कसा काय बोलतो? तुम्ही असं काय विचारता?’ तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्याचं उत्तर मलाच पक्कं ठाऊक नाही, असाच प्रश्न मी विचारते.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, एवढं कळलं तरी मुलं सावरून बसतात. नाशिकरोडचा तुरुंग त्यांना माहीत असतो. त्यात श्यामच्या पोहण्याचं प्रकरण आहे. पोहायच्या भीतीने श्याम लपून बसतो. आई त्याला मारून पोहायला पाठवते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिचेच डोळे भरून येतात. ‘श्याम कशाला घाबरला?’ असं विचारलं तर एकजण उत्तर देतो आणि विषय संपतो. ‘यातून काय बोध घ्याल?’ म्हटलं तर धीट व्हावं, आईचं ऐकावं, असं मला आवडेलसं काहीतरी मुलं ऐकवतात. त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नसतं.

म्हणून मी विचारते, ‘मारलं तिनेच, मग रडली का?’

‘तिला वाईट वाटलं, चुकलं असं वाटलं,’ सहावीतली एक मुलगी म्हणाली. शेजारच्या मुलाला ते पटेना. ‘चुकलं असं कुठे म्हणते ती? आपल्या मुलाला लोक भित्रा म्हणतील, याचंच तिला वाईट वाटतंय.’ ‘कुठल्या वाक्यावरून?’ मी म्हटलं. पानं उलटली गेली, वाक्य सापडलं, मोठ्याने वाचून झालं. तेवढ्यात तिसरी म्हणाली, ‘म्हणजे तिने श्यामसाठी मारलं की लोकांसाठी?’ हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यावर दोन तट पडले ते अजून तसेच आहेत, आणि मी निकाल दिलेला नाही.

‘कुठल्या वाक्यावरून?’ हे मी प्रत्येकाला विचारते, माझ्याशी सहमत असलेल्यालाही. ते विचारलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. आणि पुस्तकात पुन्हा डोकावल्यावर मुलं आपलं मत स्वतःहून बदलतात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

ही पद्धत माझी नव्हे. शिकागोत १९४७ साली सुरू झालेल्या ग्रेट बुक्स फाउंडेशनच्या वाचनचर्चांचा हाच नियम आहे: चर्चा घेणाऱ्याला ज्याबद्दल खरोखर शंका आहे, तेच विचारायचं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबत. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांबत, आणि मुलं एकमेकांच्या बोलण्याला उत्तरं देऊ लागत. तीन सेकंदांची शांतता मोठ्यांना सोसवत नाही, म्हणून मी मनात आकडे मोजते. आमच्याकडची अबोल मुलं बहुतेक त्या शांततेतच तोंड उघडतात.

‘याने मार्क वाढतील का?’ हेही विचारता तुम्ही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत स्वमत मांडायचं असतं आणि बाजारातल्या गाइडांत ते स्वमत तयार छापून मिळतं. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःचं मत पाठ करावं, याचा मला मनापासून राग येतो. सहावीपासून वाक्य दाखवून बोलायची सवय झालेल्या मुलाला त्या गाइडची गरज का पडावी?

घरी करून बघायचं असेल तर मूल वाचतंय ते प्रकरण तुम्हीही वाचा आणि जिथे तुम्ही स्वतः अडखळलात, तिथलंच विचारा. ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं?’ असं त्याने उलट विचारलं तर खरं ते सांगा, आणि ‘कुठल्या वाक्यावरून?’ हे त्यालाही तुम्हाला विचारू द्या.