तंजावूर एकटीनं: आधी भिंत, मग शिखर

दिवाळीच्या सुट्टीत तंजावूरला जाऊ नका. आपल्याकडे छत्री माळ्यावर जाते, तेव्हाच तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा कावेरीच्या मुखाकडचा खरा पावसाळा. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की आधी गाड्या रद्द होतात आणि मग आपला बेत. मे महिन्यात दगड तापतो, म्हणून तोही नको. उरतो सेमिस्टर संपल्यानंतरचा, पाऊस ओसरू लागलेला डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला आठवडा. मी तोच धरला. तेव्हा शबरीमलेचा हंगाम असतो, काळी वस्त्रं नेसलेले अय्यप्पाभक्त पहाटेपासून बसगाड्या भरून बृहदीश्वराच्या देवळात येतात, पण ते गाभाऱ्याकडे जातात. आपल्याला जायचंय त्या, मराठी लेख कोरलेल्या भिंतींच्या कोपऱ्यात कोणी फिरकत नाही. फक्त पोंगलच्या आधी, म्हणजे साधारण १२ जानेवारीच्या आत, तामिळनाडूतून बाहेर पडा. त्या दिवसांत आरक्षण मिळत नाही.

गाडीत फसवणूक दोन ठिकाणी होते. पुण्या-मुंबईच्या बहुतेक गाड्या चेन्नई सेंट्रलला उतरवतात आणि तंजावूरकडच्या गाड्या बहुतेक एग्मोरहून सुटतात. सेंट्रलसमोरच्या पार्क स्टेशनवरून लोकलनं एग्मोर पुढचंच स्टेशन, मेट्रोनंही एकच. सामान घेऊन बाहेर आलेल्या माणसाला रिक्षावाला यासाठी जो आकडा सांगतो, त्यात दोन वेळचं जेवण होतं. दुसरी फसवणूक नकाशावर दिसत नाही. तिरुच्चीला जाणाऱ्या बऱ्याच वेगवान गाड्या विरुधाचलमवरून कॉर्ड लाइननं जातात आणि तंजावूरला शिवतही नाहीत. तंजावूर जुन्या मेन लाइनवर आहे: मयिलाडुदुरै, कुंभकोणम, तंजावूर. तिकीट काढताना मधली स्टेशनं बघा. रात्रीची उळवन एक्स्प्रेस मिळाली तर सकाळ हातात राहते. नाही मिळाली तर तिरुच्चीला उतरून बस, साधारण दीड तास. ही बस नव्या बस स्टँडवर सोडते आणि ते गावाबाहेर आहे. तिथून जुन्या स्टँडची टाउन बस घ्यायची. जुनं म्हणजे तमिळमध्ये ‘पळैय’. त्यातला तो ‘ळ’ आपला नव्हे, जीभ आणखी मागे वळते, पण आपल्या ‘ळ’वर काम भागतं. "पळैय बस स्टँड पोगुमा?" एवढं पाठ केलं की कंडक्टर मानेनं हो-नाही सांगतो. बसवरच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात. साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये बायकांना २०२१ पासून पैसे पडत नाहीत. पुढून गुलाबी रंगवलेली बस दिसली की बिनधास्त चढायचं आणि डाव्या बाजूला बसायचं. उजवीकडे पुरुष बसतात. कोणी सांगत नाही, नुसतं बघतात.

राहण्याबद्दल माझी तक्रार आहे. देवस्थानाच्या गावांतले काही लॉजवाले एकट्या माणसाला खोली देत नाहीत, आणि एकटी मुलगी असेल तर काउंटरवरची मान वर होण्याआधीच ‘नाही’ येतं. कारण सांगत नाहीत. ऑनलाइन बुकिंग असलं तरी आधी फोन करून ‘सिंगल, लेडी’ एवढं बोलून घ्या. दिवसभरच थांबायचं असेल तर रेल्वेची रिटायरिंग रूम बघा, किंवा नुसतं सामान क्लोकरूममध्ये टाका. क्लोकरूम फक्त कुलूपबंद सामान घेते. दोरी ओढून बंद होणारी ट्रेकिंगची सॅक तिथून परत येते. दोन चेनच्या कड्यांतून छोटं कुलूप जाईल अशीच बॅग न्या, आणि प्रवासाचं तिकीट हाताशी ठेवा.

स्टेशनपासून देऊळ पायी पंधरा-वीस मिनिटं. बृहदीश्वर सकाळी सहाला उघडतं; गाभारा साधारण साडेबाराला बंद होतो तो चारला उघडतो. खरी मर्यादा त्याच्याही आधी येते, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवार सुमारे २४० मीटर लांब, १२० मीटर रुंद, सगळं दगडी. डिसेंबरातही अकरानंतर लोक त्यावरून चालत नाहीत, उड्या मारतात. जाड मोजे जवळ असू द्या. तळवे भाजायला लागले की माणूस समोरचं वाचत नाही, सावली शोधतो.

मी वाचायला गेले होते. एकामागून एक दरवाजे ओलांडून आत गेलात की समोर नंदी आणि मागे साठ मीटरहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, येतं, आणि सगळे तिकडे ओढले जातात. तुम्ही डावीकडे वळा. प्रदक्षिणेची दिशाही तीच. दक्षिणेच्या ओवरीच्या कडेनं नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या गणपतीपर्यंत चालत जा. या कोपऱ्यातल्या भिंतींवर देवनागरीत मराठी कोरलेली आहे. दोन-चार ओळी नव्हेत, भिंतीच्या भिंती. हा भोसले वंशाचा इतिहास तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेनं बाबुराव चिटणीसांनी रचला आणि १८०३ मध्ये इथं कोरला गेला.

वाचण्याची एक पद्धत आहे. पहिल्या ओळीपासून सुरू केलंत तर दहा मिनिटांत सोडून द्याल. छापील पुस्तकासारखी शब्दांमधली मोकळी जागा शोधू नका. डोळा शब्द तोडू शकला नाही तरी कान तोडतो, म्हणून हळू आवाजात अक्षर-अक्षर म्हणत जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ‘राजे’, ‘पुत्र’, ‘किल्ला’ असं काहीतरी आपोआप सुटं होतं. आधी नावं शोधा: शाहाजी, शिवाजी, एकोजी (शिवाजीराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी). नाव सापडलं की त्याच्या मागेपुढे चार-चार अक्षरं सरका. कोरीव काम उथळ आहे, समोरून फ्लॅश मारला की अक्षर सपाट होऊन नाहीसं होतं. बाजूनं तिरका उजेड पडला की कडा उठतात, म्हणून सकाळची वेळ. फोटो भिंतीसमोर सरळ उभं राहून काढा आणि दर फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग येऊ द्या, नाहीतर घरी ओळी जुळत नाहीत. खडू फिरवायचा नाही, बोट फिरवायचं नाही, पाणी तर मुळीच नाही. हे लिहावं लागतंय कारण भिंतीवर हातांचे तेलकट डाग आहेत.

ही भिंत वाचताना एक साल डोक्यात ठेवा, म्हणजे ती नुसती वंशावळ राहत नाही. एकोजींनी १६७० च्या दशकात मिळवलेलं हे राज्य सरफोजींनी १७९९ च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. त्यांच्याकडे किल्ला आणि तनखा उरला. चारच वर्षांनी ही कोरणी. कारभार गेल्यावर राजानं वंश दगडात घातला, आणि तो कुठं घातला ते बघा. याच देवळाच्या जोत्यावर राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. १०१० च्या सुमारास देऊळ पुरं करणाऱ्या त्या राजानं कोणतं दान कोणाचं, किती वजनाचं, हे तर लिहिलंच, शिवाय देवळासाठी आणून वसवलेल्या ४०० नर्तकींची नावं त्यांच्या घरांच्या ठिकाणांसकट नोंदवली. तो दगडात हिशेब लिहितो, आपले लोक दगडात घराणं लिहितात. मला त्या दोन लेखांमध्ये चालत जाण्यातच सगळ्या सहलीची किंमत वसूल झाली. आपल्या माणसांचा अभिमान वगैरे वाटायच्या आधी थोडं वाईटच वाटलं, हेही खरं.

आता शिखर. इथं येणाऱ्या प्रत्येक गटाला कोणीतरी सांगतंच की या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. माझ्या शेजारी हे सांगितलं जात होतं तेव्हा सांगणारा त्याच सावलीत उभा होता. डिसेंबरात सकाळी आठला सूर्य आग्नेयेला असतो आणि सावली वायव्येच्या ओवरीवर जाऊन चढते. भर दुपारीही तंजावूरच्या अक्षांशावर सूर्य तेव्हा ५५-५६ अंशांपर्यंतच येतो. विमान साठ मीटर धरलं तरी टोकाची सावली मध्यापासून चाळीसेक मीटर उत्तरेला पडते, आणि पाया मध्यापासून पंधराच मीटर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटाकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा मध्यान्हीची काही मिनिटं सगळी सावली पायाच्या आतच राहते. तशी ती आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीचीही एका दुपारी राहते.

आतल्या प्रदक्षिणामार्गातली चोळकालीन चित्रं सर्वांना बघू देत नाहीत, आवारातल्या दालनात त्यांच्या प्रतिकृती आहेत. शेजारची शिवगंगा बाग आणि १७७९ चं श्वार्ट्झ चर्च अर्ध्या तासात होतं.

राजवाडा साडेदहाला गाठा. एकाच आवारात कलादालन, दरबार, ग्रंथालयाचं संग्रहालय यांची तिकिटं वेगवेगळी आहेत, म्हणून सुटे पैसे हवेत. खिडक्या जेवणाच्या वेळी बंद होतात. वेळ कमी असेल तर कलादालनातला तिरुवेंगाडूचा वृषभवाहन शिव एवढंच बघा. अकराव्या शतकाच्या सुरुवातीचं कांस्य. नंदी हरवला आहे, त्यामुळे त्याच्यावर टेकवलेला हात आता नुसत्या हवेवर टेकलाय. तरी कमरेची ढिलाई, एका पायावरून दुसऱ्यावर गेलेला भार, फेट्यासारखी गुंडाळलेली जटा हे इतकं नेमकं की नसलेल्या बैलाची उंची आपोआप डोळ्यांना दिसते. दरबारात इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समननं घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सार्वजनिक आहे, पण आपल्याला दिसतं ते काचेतलं निवडक. मोडी कागदांची गठ्ठेच्या गठ्ठे बाडं आत आहेत आणि त्यासाठी अभ्यासकाची परवानगी लागते. मोडी येत असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन जा. गावात कोणी मराठी बोलेल ही आशा मात्र धरू नका. तंजावरी मराठी घरांतली बरीच माणसं चेन्नई-बंगळूरला गेली आहेत.

एक ते चार ही वेळ जेवणाचीच. ‘मील्स’ साधारण बारा ते तीन मिळतं, नंतर चारपर्यंत काहीच नाही आणि मग टिफिन. पानावर पहिला भात आला की आपण सगळा सांबारात कालवतो आणि तिथंच संपतो. तो भात तीन घासांपुरताच घ्या, कारण पुढे कुळंबू (चिंचेचं कालवण), मग रसम, मग ताक किंवा दही, आणि दर वेळी भात नव्यानं येतो. नको असेल तेव्हा हात पानावर आडवा धरून "पोदुम" म्हणायचं. मराठीत "बस बस" म्हणालात तर वाढपी हसतो आणि वाढतो. झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, ही गोष्ट तिथले वेटरही सांगतात. मराठी गिऱ्हाईक बघून जरा जास्तच रंगवून. पुरावा मागू नका, रसम गार होतं. कॉफी मात्र "सक्करै कम्मी" असं बजावून मागा. पेल्यातली कॉफी दबऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, आणि परत पेल्यात उंचावरून ओतून घेतली की फेस येतो आणि साखर तळाला राहत नाही. न ओतता प्यायलात तर शेवटचा घोट पाक असतो.

चारनंतर हातात वेळ असेल तर जुन्या स्टँडवरून तिरुवैयारूची बस, तेरा किलोमीटर. नावाचा अर्थ पाच नद्या, आणि खिडकीतून एकामागून एक पूल मोजता येतात. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी, तिच्यापाशी दहा मिनिटं शांतता, आणि बाजारात मुगाच्या डाळीचा अशोका हलवा. पन्नास ग्रॅमच घ्या, तूप कागदातून बाहेर येतं आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर उतरतं.