बुटक्या कटलफिशची पिल्लं: जिवंत माइसिसवरून गोठवलेल्या कोळंबीवर

या खेपेची पिल्लं गोठवलेलं खाणं उचलायला लागली, म्हणून आता सविस्तर नोंद लिहितोय. बुटकी कटलफिश, म्हणजे सेपिया बँडेन्सिस हा ऑक्टोपसच्या नात्यातला लहानसा समुद्री जीव, पाळायचं ठरलं की बहुतेक जण टाकी, स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र) आणि दिव्यांचा हिशेब आधी मांडतात. माझं मत पक्कं झालंय: आधी जिवंत खाण्याची, म्हणजे माइसिस या कोळंबीसारख्या इवल्या जिवांची, सोय लावा, मग अंडी आणा. पाणी ठीक असतानाही लहान पिल्लं दगावतात ती बहुतेक वेळा पोटात काही नीट न गेल्यामुळे.

टाकीचं थोडक्यात सांगतो. ४० गॅलनची टाकी, खाली संप (पाणी गाळायची जोडटाकी), आणि स्किमर गरजेपेक्षा मोठा. ही मंडळी खातात भरपूर आणि पाणीही तेवढंच खराब करतात. क्षारता ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार), तापमान २५-२६ अंश सेल्सियस, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. पाणी आरओडीआयचंच, म्हणजे आधी सगळं विरघळलेलं काढून शुद्ध केलेलं आणि मग मीठ घातलेलं. यांच्या निळ्या रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोसायनिन तांब्यावर चालतं, पण पाण्यात तांबं उतरलं तर तेच यांना मारतं. त्यामुळे ज्या टाकीत माशांना तांब्याचं औषध दिलंय, ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

अंडी इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या एका पाळणाऱ्याकडून आणली. मादी अंड्यांच्या आवरणात शाई मिसळते, त्यामुळे नवा घोस काळ्या द्राक्षांसारखा दिसतो. आतलं पिल्लू वाढतं तसं आवरण फुगत जातं, ताणलं जातं आणि विरळ होतं. शेवटी शेवटी तर काचेजवळ डोळा नेला की आतला जीव स्पष्ट दिसतो. मोठे डोळे, पाठीत इवलं पांढरं समुद्रफेन (आतलं हलकं कवच), अंगावर उमटणारे आणि विरणारे तपकिरी ठिपके. अंडी फुटायच्या आधीच रंग बदलायला सुरुवात झालेली असते. तेव्हाच मी अंड्यांच्या शेजारी पारदर्शक भांड्यात जिवंत माइसिस ठेवली. युरोपातल्या सेपिया ऑफिसिनॅलिसवरच्या एका प्रयोगात, अंड्यात असताना ज्यांना खेकडे दिसले होते त्या पिल्लांनी बाहेर आल्यावर खेकडे पसंत केले होते. बँडेन्सिसच्या बाबतीत तेच घडतं असा माझा दावा नाही, पण भांडं ठेवायला काही लागत नाही.

या तापमानाला अंडी साधारण ३ ते ४ आठवड्यांत फुटतात. पिल्लू सेंटीमीटरभरही नसतं. पहिला दिवस-दोन दिवस काही खाल्लं नाही तरी घाबरू नका, बलकाची शिदोरी असते. त्यानंतर मात्र जिवंत माइसिस हवीच. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला माइसिसहून बारीक जीव) सहज मिळते, पिल्लं तिच्यावर झडपही घालतात, पण नुसत्या आर्टेमियावर ती टिकत नाहीत. आर्टेमिया मी माइसिसना खाऊ घालतो. त्यांना उपाशी ठेवलं तर त्या एकमेकींना खातात आणि पैसे देऊन आणलेली खेप डोळ्यांदेखत निम्मी होते. पिल्लं मोठ्या टाकीतच जाळीच्या डब्यात ठेवली आहेत. पाणी तेच राहतं आणि शिकार त्यांच्या आवाक्यात राहते.

पहिली शिकार बघत बसावी अशीच असते. वाळूवर चिकटून बसलेलं पिल्लू माइसिस दिसताच तोंड तिकडे वळवतं. वरचे दोन बाहू उचलतं, अंग गडद होतं, बाकीचे बाहू समोर टोकदार जुळतात. मग हळूहळू पुढे सरकतं, थांबतं, अंतर जोखतं. एरवी आत दडलेल्या दोन लांब सोंडा कधी सुटल्या आणि कधी परत आल्या ते डोळ्यांना कळतही नाही. एकदम माइसिस तोंडाशी असते.

गोठवलेल्यावर आणायचं काम सावकाश करावं लागतं. पिल्लांचं लक्ष हालचालीकडे असतं, तळाला पडलेली माइसिस त्यांच्या लेखी नसतेच. मी वितळवलेली माइसिस पिपेटनं पंपाच्या मंद प्रवाहात सोडतो, म्हणजे ती तरंगत पुढून जाते. एका धीट पिल्लानं सगळ्यात आधी पकडली. बाकीची झेप घेऊन, चाचपून टाकून देत होती. जिवंत खाणं चालू ठेवूनच रोज थोडं गोठवलेलं देत गेलो. आता बहुतेक जण ते घेतात आणि मोठी दोन कोळंबीचे बारीक तुकडेही काडीवरून ओढून घेतात. एक अजून अडून आहे, त्याला जिवंतच चालू आहे.

वाढ झाली की डब्यातून लवकर बाहेर काढायला हवं. ही मागे फेकली जातात तेव्हा अंगाचं मागचं टोक काचेवर आपटतं, तिथे जखम होते आणि ती चिघळली की जीव जातो. म्हणून टाकीत एकदम हात घालत नाही, दिवाही झपकन लावत नाही.

या जातीचं मोल प्रयोगशाळांनाही कळलंय. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात नोबेल विजेते मेंदूसंशोधक रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेत हिच्यावर काम चालतं, आणि २०२३ मध्ये हिच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध झाला. अंगावर पार्श्वभूमीचं चित्र उमटवणाऱ्या या जिवाला स्वतःला रंग ओळखता येत नाहीत, हे मला अजूनही थक्क करतं.

आयुष्य जेमतेम वर्षाचं. चार-पाच महिन्यांत ही वयात येतील आणि नर पट्टे दाखवायला लागतील, तेव्हा जोड्या कशा जमतात ते लिहीन. अंडी आली तर माइसिसची मागणी आधीच नोंदवणार आहे. बे एरियात कुणाला खेप वाटून घ्यायची असेल तर जरूर सांगा, रातोरात येणाऱ्या कुरियरचा खर्च एकट्याला जड जातो.