पाण्याचा रेडिओ

३१ मार्चला सकाळी साडेनऊ वाजता तिघं जण स्टुडिओत आले. एक सीए झालेला तरुण मुलगा, एक वकील बाई आणि नव्या मालकांचे इंजिनिअर. आमचं एफएम स्टेशन दुसऱ्यांदा विकलं गेलं होतं, आणि त्या रात्री बारा वाजता ताबा तिसऱ्या मालकाकडे जायचा होता. माझ्याकडे काम सोपं होतं : स्टेशनात जे जे आहे त्याची यादी करायची आणि प्रत्येक ओळीपुढे सही करायची. जेवायच्या सुट्टीपर्यंत उरकेल असं मलाही वाटलं होतं.

मी तिथे २००७ पासून, म्हणजे पहिल्या दिवसापासून. काम गाणी लावण्याचं. माईकवर बसून नाही; दिवसाच्या कुठल्या तासाला, कितव्या मिनिटाला कुठलं गाणं वाजणार याचा लॉग तयार करायचा. सगळ्यात जुना माणूस म्हणून यादी माझ्या गळ्यात पडली.

इंजिनिअर साहेबांचं पटकन झालं. ट्रान्समीटर दोन, एक चालू आणि एक राखीव. कन्सोल, यूपीएस, जनरेटर, एसी. मग सीएने विचारलं, "सर, टॉवरची किंमत किती धरायची?"

"टॉवर आपला नाही. प्रसार भारतीचा आहे. आपण भाडं भरतो."

"बरं. मग फ्रिक्वेन्सी?"

"ती सरकारची. आपल्याकडे फक्त परवानगी. आधी १० वर्षांची होती, सरकारच्या खासगी एफएम धोरणाच्या तिसऱ्या टप्प्यात आल्यावर १५ वर्षांची झाली."

त्याने पेन खाली ठेवलं. वकील बाई हसल्या. त्यांना हे माहीत होतं. विकले जातात ते कंपनीचे शेअर, हवेतली जागा नाही. "नाव तरी?" त्याने विचारलं. नाव जुने मालक स्वतःकडे ठेवणार होते. आणि जिंगल? नावच नाही तर जिंगल काय करायची.

गाण्यांचा फोल्डर मी उघडून दाखवला तेव्हा तो जरा खूश झाला. हार्ड डिस्क भरलेली होती. पण गाणी कंपन्यांची, आपण वाजवायचे पैसे देतो, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा पुन्हा उतरला. मला त्याची दया आली. म्हणून चहा मागवला आणि जरा मागचं सांगत बसलो, जे त्याने विचारलं नव्हतं.

आमच्या धंद्यात गाण्यांचा हिशेब बदलला की स्टेशनचा आवाज बदलतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मालकाची आवड बदलली. आम्ही सुरू झालो तेव्हा गाण्यांचे पैसे 'नीडल अवर'वर, म्हणजे सुई तबकडीवर जितके तास फिरली त्यावर द्यावे लागायचे. तबकड्या कधीच गेल्या होत्या, शब्द राहिला होता. जाहिरात असो नसो, तासाचं मीटर चालू. पहिल्या मालकांनी मग फर्मान काढलं : दुपारी जाहिराती नसतात, तेव्हा आरजेंनी बोलावं. दुपारी दोन ते चार आमचे आरजे स्वयंपाक, सासू, परीक्षा, कुत्री, काय वाट्टेल त्यावर बोलायचे. गावात लोक म्हणायचे, काय गप्पिष्ट पोरं आहेत! पोरं गप्पिष्ट नव्हती, गाणं महाग होतं. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने ठरवून दिलं की एफएमवाल्यांनी जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाचे २ टक्के द्यावेत. आमच्यासारख्या लहान गावातल्या स्टेशनचं उत्पन्न ते किती! गाणं एकदम स्वस्त झालं आणि दुपारच्या गप्पा महिन्याभरात बंद पडल्या. एका आरजेची नोकरी त्यातच गेली. चांगला बोलायचा तो.

२०१३ मध्ये दुसरे मालक आले आणि त्यांनी फक्त जुनी हिंदी गाणी ठेवली. रात्री दहा ते बारा भावगीतं लागायची, ती गेली. मी तो वर्ग कॉम्प्युटरमधून पुसला नाही, नुसता निष्क्रिय करून ठेवला. 'झोपण्यापूर्वी' असं त्याचं नाव होतं. ते नाव वाचून सीए म्हणाला, "हे तुम्ही केलेलं वर्गीकरण आहे ना सर? याची किंमत धरता येईल." मग आम्ही तासभर तेच बघत बसलो. प्रत्येक गाण्यापुढे मी काही ना काही लिहून ठेवलेलं : लग्नसराईत चालतं. सकाळी आठच्या आधी नको. पाऊस खरंच पडत असेल तरच. त्याने ते 'डेटाबेस, एक नग' असं लिहिलं.

वकील बाईंनी विचारलं, "इतके मालक बदलतात का हो रेडिओत?" मी म्हटलं, मुंबईचं पहिलं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं. तीन वर्षं व्हायच्या आत, मार्च १९३० मध्ये, ती गुंडाळली. १ एप्रिलपासून सरकारने चालवायला घेतलं, १९३६ मध्ये त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं आणि १९९७ पासून ते प्रसार भारतीकडे आहे. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात मुंबईच्या परवान्याची बोली वर्षाला ९ कोटी ७५ लाखांवर गेली होती, शिवाय दरवर्षी १५ टक्के वाढ. ते झेपेना. २००५ मध्ये सरकारने उत्पन्नातला ४ टक्के वाटा घ्यायचं ठरवलं, म्हणून तर आमच्यासारख्या गावांपर्यंत एफएम पोचलं. बाईंनी तारीख लिहून घेतली. १ एप्रिलची गंमत त्यांना आवडली असावी.

संध्याकाळी सहाला यादी चाळीस ओळींची झाली. मी चाळीस सह्या केल्या.

रात्री बाराला इंजिनिअर साहेबांनी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली घेतला, दोन सेकंद शांतता, आणि मुंबईहून येणारं नेटवर्क सुरू झालं. नवं नाव, नवी हिंदी गाणी. आमच्याकडे उरला तासाला तीन मिनिटांचा लोकल ब्रेक. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. वॉचमन म्हणाला, "आवाज मोठा वाटतोय साहेब." खरंच होता.

घरी जाऊन झोप लागणार नव्हती, म्हणून तिथेच खुर्चीत पडलो. सहा वाजून चाळीस मिनिटांनी हॉटलाइन वाजली.

"हॅलो, आज पाणी सोडणार का?" एक आजी.

मी काही बोलायच्या आत दुसरी लाइन पेटली. एक माणूस : "दादा, पाण्याचा रेडिओ ना? हे काय लावलंय सकाळी सकाळी? एप्रिल फूल का?"

आमच्या गावात नळाला पाच दिवसांआड पाणी येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं त्या वर्षी, वेळापत्रक रोज बदलायला लागलं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, पण तिसऱ्या टप्प्याच्या नियमांत पाणी, वीज, हवामान, वाहतूक यांची माहिती बातमी धरत नाहीत. मग मी सकाळी ६:५५ ला चाळीस सेकंद ठेवले. कुठल्या भागात किती वाजता. पाणीपुरवठ्यातला एक ओळखीचा माणूस रात्रीच व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो टाकायचा. माझ्या स्वतःच्या फोनवर. दोन नावांपैकी एकही ज्यांच्या तोंडात कधी बसलं नाही ते लोक आम्हाला पाण्याचा रेडिओ म्हणतात, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. चाळीस ओळींच्या यादीत ते चाळीस सेकंद कुठेच नव्हते. मीच विसरलो होतो.

फोटो आलेला होता. सातला पाच मिनिटं कमी होती. नेटवर्क मधे तोडता येत नाही, पण पहिल्याच दिवशी लोकल ब्रेकला जाहिरात कुठे होती? मोबाइलवर धरून वाचलं, रेकॉर्ड केलं. गडबडीत एका पेठेचं नाव दोनदा घेतलं. लावायला गेलो तर नवं सॉफ्टवेअर घेईना : क्लायंटचं नाव आणि रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरातदाराची लेखी ऑर्डर, यांच्याशिवाय काही वाजणार नाही. मी क्लायंटच्या रकान्यात 'नळ' लिहिलं, ऑर्डर क्रमांक १, दर शून्य. आवाज गेला तेव्हा ६:५८ झाले होते.

सव्वानऊला सीएचा फोन. "सर, हा नळ नावाचा क्लायंट कोण आहे? याचं बिल दिसत नाही."

"जुना आहे," मी म्हटलं. "रोजचा आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, येणं बाकीमध्ये टाकतो. अजून तिथेच आहे. महिन्याच्या वसुलीच्या मीटिंगला मुंबईहून कोणी नवं आलं की पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.