फिटिंगचे किती घेता, भाऊ?

दुकानातला फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला. "दीड टनाचा एसी घेतलाय, फिटिंगचे किती घेता, भाऊ?" या प्रश्नाला फोनवरच आकडा सांगून मोकळं होणं आम्ही केव्हाच सोडून दिलं. त्यापायी बरीच गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली, अजूनही जातात.

२००४ साली नागपुरात मानेवाडा रोडला दहा बाय बाराच्या गाळ्यात बसलो. आयटीआयचं रेफ्रिजरेशनचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं होतं, पण पोट भरायचं ते कूलरवर. मार्च लागला की घरोघरी माळ्यावरचा पत्र्याचा कूलर खाली उतरायचा. गंजलेला टब, कुजलेलं वूडवूल, जाम झालेला पंप, जळालेली मोटर. चार महिने रात्री अकरापर्यंत काम, उरलेले आठ महिने फ्रिज आणि मिक्सर. एसी असायचा तो डॉक्टरांकडे, नाहीतर बँकेत.

नागपूरकराला एसीकडे कशाने नेलं असं मला विचाराल, तर मी मे महिन्याचं ऊन सांगणार नाही. पंचेचाळीस अंशातही हवा कोरडी असली की कूलर झक्क चालतो. जूनचे पहिले दोन शिडकावे पडले की तोच कूलर घरभर दमट वारा फेकतो, चादरी ओलसर होतात, अंग चिकचिकतं. आमच्याकडे एसीची चौकशी आधी त्या पंधरवड्यात यायची. पुढे ती मार्चपासूनच यायला लागली.

सुरुवातीला विंडो एसी, मग स्प्लिट. तेव्हा मी सातशे रुपयांत फिटिंग करायचो आणि एका दिवसात चार मशीन बसवल्या म्हणून मिरवायचो. त्रिमूर्तीनगरात एका निवृत्त शिक्षकांकडे असाच एक एसी बसवला. दुसऱ्या उन्हाळ्यात थंड होईना. गॅस भरला, अठराशे रुपये घेतले. पुढच्या एप्रिलला परत तेच. सर म्हणाले, "काय हो, हा गॅस पेट्रोलसारखा जळतो काय?" मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो. खरं तर एसीतला गॅस संपत नसतो. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो, वर्षानुवर्षं. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय.

त्या दिवशी पहिल्यांदा नीट बसून शोधलं. पाइपवरचं काळं फोम सोडलं, साबणाचा फेस लावला. आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, चार सूत (अर्ध्या इंची) नटापाशी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून जे फ्लेअर करतात ते एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झालं होतं. माझ्याच हातचं, झिजलेल्या हत्याराने घाईत केलेलं. अठराशे परत केले. सरांनी ते घेतले, चहा पाजला आणि वर विचारलं, "आणि किती घरी असं केलं?"

तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या सीझनच्या कमाईतून नवं फ्लेअरिंग टूल, नट नेमका तेवढाच आवळणारा टॉर्क रेंच आणि व्हॅक्यूम पंप घेतला. आधी नळ्यांतली हवा काढायला आम्ही आउटडोअरमधलाच थोडा गॅस सोडून फुस्स करायचो. पाच मिनिटांचं काम. पण तेवढ्याने ओल पुरती निघत नाही, आणि ती आत राहिली की कॉम्प्रेसरचं तेल खराब करते. आता पंप वीस-पंचवीस मिनिटं चालतो, मग गेजचा काटा चढतो का, म्हणजे कुठे गळती आहे का, ते पाहत थांबायचं. शिवाय आता बहुतेक मशीनमध्ये येणारा आर-३२ हा गॅस काही प्रमाणात पेट घेणारा आहे, त्याला खोलीत सोडून कसं चालेल? दिवसाला चारच्या जागी दोनच मशीन व्हायला लागल्या आणि दर वाढवावा लागला. बायको हिशोब बघते. ती म्हणाली, "वाढवा, पण कशाचे किती ते लिहून द्या." तेव्हापासून आमची पावती लांबलचक असते.

गेल्या एप्रिलचीच एक सांगतो. बेसा भागातला फ्लॅट, तिसरा मजला. एसी सदतीस हजारांना ऑनलाइन घेतलेला. काकूंना आउटडोअर गच्चीवर हवं होतं, बाल्कनीत कपडे वाळतात म्हणून. जागा पाहून लिहिलं: फिटिंग १,६००, स्टँड ८००. मशीनसोबत तीन मीटर पाइप होता आणि लागणार अकरा, म्हणजे आठ मीटर जास्तीचा, ९०० रुपये मीटरने ७,२००. बोर्डापासून स्वतंत्र चार एमएमची वायर आणि एमसीबी २,६००, ड्रेन पाइप ५००, लांब पाइपसाठी जादा गॅस ६००. झाले १३,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १५,६९४. काकू म्हणाल्या, "अहो, हे तर नवरीपेक्षा वऱ्हाडाचाच खर्च जास्त होऊन राहिला!"

मग मीच त्यांना धुणंभांड्याच्या बाल्कनीची बाहेरची भिंत दाखवली. तिथे पाइप चार मीटरमध्ये बसतो, जादा गॅस नको, ड्रेन २०० रुपयांत. वायर तेवढीच लागली, ती मी कधीच कमी करत नाही. बेरीज ६,१००, कर धरून ७,१९८. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या तापलेल्या स्लॅबवर मशीन भाजत बसली असती, ते वाचलं ते वेगळंच. माझे त्या दिवशी सात हजार गेले, पण त्याच बिल्डिंगमध्ये पुढे पाच कामं मिळाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, तेव्हा लोकांना वाटलं फिटिंगही स्वस्त झालं. आमच्या मजुरीवर आधीपासून १८ च होता. समजावून समजावून घसा बसला.

बाहेर लोंबकळून करायच्या कामाचे सातशे वेगळे घेतो. यावर सगळ्यांत जास्त घासाघीस होते. २०१६ मध्ये आमच्या एका पोराचा पाय छज्ज्यावरून घसरला. कमरेला दोरी होती म्हणून गुडघ्यावर निभावलं. त्यानंतर बेल्ट आणि खाली उभा दुसरा माणूस, याशिवाय कोणी चढत नाही. सातशे नको म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

२०२० चा सीझन लॉकडाउनमध्ये वाहून गेला. त्यावर बोलण्यासारखं काही नाही, घरातलं थोडं सोनं गेलं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी फिरली. तो सेन्सरचा बिघाड होता हे हवामान खात्याने नंतर सांगितलं, तोवर आमचा फोन तापून बंद पडायची वेळ आली होती.

हीट पंपाचं काम २०१९ पासून घेतो. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. पहिलं मोठं काम हिंगण्याकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं. जागा सुटसुटीत दिसली म्हणून मशीन जिन्याखालच्या बंद खोलीत ठेवली. ती स्वतःच गार हवा सोडते आणि तीच परत ओढते, हे पुस्तकात वाचलेलं ऐनवेळी आठवलं नाही. डिसेंबरात पहाटे पाणी कोमट. पदरचे नऊ हजार घालून मशीन गच्चीवर नेली, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बसू नये म्हणून सॉफ्टनर लावायला लावला. ती अजून चालू आहे.

घरासाठी मात्र मी सहसा हीट पंप सुचवत नाही, आणि त्यामुळे माझा पुतण्या माझ्यावर चिडतो. दोनशे लिटर पाणी वीस अंशांवरून पंचावन्नवर न्यायला गिझर साधारण आठ युनिट खातो, हीट पंप तीनच्या आत-बाहेर. दिवसाला पाच युनिट वाचले. पण नागपुरात गरम पाणी खरं लागतं चार महिने. सहाशे युनिट, दहा रुपये धरले तरी वर्षाचे सहा हजार. यंत्र गिझरपेक्षा साठ-पासष्ट हजारांनी महाग. हिशोब ज्याचा त्याने करावा. वसतिगृह, दवाखाना, लॉज असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बारा महिने रोज हजार लिटर लागतं.

आता चार माणसं आहेत, दोन गाड्या आहेत, गाळा तोच आहे. जागा बघायला दोनशे रुपये घेतो, काम दिलं तर बिलातून वजा करतो. फेब्रुवारीत फोन केला तर दुसऱ्या दिवशी माणूस येईल. मे महिन्यात आठवडाभर थांबावं लागेल. तोवर घरचा कूलर बंद पडला असेल तर घेऊन या, तो आम्ही आजही करून देतो.