सोलापुरात वाइन आणि कडक भाकरी

सोलापूर जिल्हा द्राक्षांचा आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण याच जिल्ह्यात चांगली वाइनही तयार होते हे खुद्द सोलापुरात राहणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते. त्यामुळे होटगी रस्त्यावरच्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटने फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी सोलापुरी जेवण आणि वाइन एकाच पंगतीत आणायचे ठरवले आहे, असे तिथल्या मैत्रिणीने कळवले तेव्हा मी लगेच नाव नोंदवले. अशा कार्यक्रमांत बहुधा चीज, ऑलिव्ह आणि पास्ता मांडून वाइनची ओळख करून दिली जाते आणि गावचे पदार्थ शोभेपुरते एका कोपऱ्यात राहतात. इथे वाइनसाठी जेवणाचे तिखट कमी करणार की जेवणासाठी वाइन निवडणार, एवढेच मला पाहायचे होते.

शुक्रवारी दुपारी दादरला वंदे भारतमध्ये बसले. ही गाडी १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाल्यापासून मुंबईकरांना सोलापूर शनिवार-रविवारपुरते जवळ आले आहे, जरी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसवर जीव असणारे लोक अजूनही तिचीच वाट धरतात. शनिवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारली आणि उरलेला वेळ बाजारात घालवला.

संध्याकाळच्या आधी शेंगाचटणी नुसती चाखून ठेवावी असे मनात होते. कांडपाच्या दुकानात भाजून साले काढलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ एकत्र कुटणे चालू होते. सुरुवातीला नुसता कोरडा भुगा दिसतो, पण घाव बसत जातात तसतसे दाण्यांतले तेल सुटते, रंग गडद होतो आणि चटणी बोटांनी दाबली तर तिचा गोळा होऊ लागतो. मिक्सरमध्ये दाणा चिरला जातो आणि कुटताना तो चेचला जातो, म्हणून घरी मिक्सरवर केलेल्या चटणीला ही चव येत नाही. वाइनच्या दृष्टीने मात्र हा पदार्थ अवघड आहे. मद्यार्कामुळे तिखटाची आग जिभेवर अधिक जाणवते, आणि लाल वाइनमध्ये द्राक्षांच्या साली व बियांतून उतरलेले टॅनिन हे तुरट द्रव्य तोंड आणखी कोरडे करते. शेंगाचटणीपुढे कोणता पेला येतो त्यावरून त्या स्वयंपाकघराची समज कळेल, असे मला वाटत होते.

संध्याकाळी चाळीसेक माणसे जमली होती. दारात मद्य पिण्याचा एका दिवसाचा परवाना भरून घेतला जात होता आणि न पिणाऱ्यांसाठी ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचा ताजा रस ठेवला होता. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे, तेव्हा तो रस दुय्यम पाहुणचार म्हणून दिलेला नव्हता हे चवीवरूनच कळत होते. आमच्या टेबलावर उत्तर सोलापूर तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार काका आणि यंत्रमागाच्या धंद्यातले एक तेलुगूभाषक कुटुंब होते. त्या घरातल्या आजींनी रसच घेतला, पण प्रत्येक पेला नाकाशी नेऊन त्याचा वास मात्र घेतला.

वाइनची माहिती देणाऱ्या ताईंनी सुरुवात मोटेवाडीपासून केली, हे मला फार आवडले. माळशिरस तालुक्यातल्या या गावी अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन कुटुंबांतल्या भावांनी मिळून फ्रातेल्ली या वाइन कंपनीचा प्रकल्प उभा केला. त्यासाठी फ्रान्सहून द्राक्षवेलींची रोपे आणली आणि वाइन घडवण्याचे काम इटलीतल्या तस्कनी प्रांताच्या पिएरो मासी यांच्याकडे सोपवले. तस्कनीचे मुख्य द्राक्ष सांजिओव्हेजे आज सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या हवेत पिकते. आपल्याकडे त्यासाठी वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळ छाटणी, म्हणजे घड थंडीत भरतात आणि उन्हाळा कडक होण्याआधी उतरतात. हे ऐकताना काकांनी मान डोलावली, कारण हे वेळापत्रक त्यांच्याही बागेचेच होते.

मग कडक भाकरी आली. रेस्टॉरंटने भाकऱ्या करण्यासाठी एका अक्कांना बोलावले होते आणि त्या सर्वांना दिसतील अशा ठिकाणी बसल्या होत्या. पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांखाली फिरत फिरत इतका पातळ होत होता की कडेला त्याची जाडी पापडाएवढी उरे. तव्यावर भाजून झाल्यावर अक्का ती कापडाने दाबत पुन्हा शेकत होत्या, ओलावा पूर्ण जाईपर्यंत. पीठ मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे होते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मी जवळ जाऊन विचारले, “अक्का, ही किती दिवस टिकते?” त्या हात न थांबवता म्हणाल्या, “वारं लागू दिलं नाही तर महिनाभर काही होत नाही बघा. पण एवढे दिवस उरते कुठं!”

भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाचटणी, बाजूला घट्ट दही, आणि सोबत चांगली गार केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन. हा मेळ त्या संध्याकाळचा सर्वोत्तम होता. थोड्याशा गोडीने तिखटाची धार बोथट झाली, आंबटपणाने दाण्याचे तेल जिभेवरून उतरले, आणि मद्यार्क बेताचा असल्यामुळे लसणीचा झणका वाढला नाही. महत्त्वाचे म्हणजे चटणी सकाळी बाजारात चाखलेल्या चटणीइतकीच तिखट होती. स्वयंपाकघराने जेवणाची बाजू घेतली होती, आणि माझ्या मनातल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे मिळाले.

त्यानंतरच्या मटणाच्या तांबड्या रश्श्यासोबत शिराझ ही लाल वाइन दिली, ती जोडी मात्र जमली नाही. रस्सा स्वतः उत्कृष्ट होता, वाइनही वाईट नव्हती, पण दोन्ही एकत्र आल्यावर वाइनमधली फळाची चव पार नाहीशी झाली आणि तोंडात फक्त आग व कडवटपणा राहिला. त्याच मटणाचे सुके, कोरड्या खोबऱ्याच्या वाटणातले, सांजिओव्हेजेसोबत आले तेव्हा चित्र बदलले. मटणातली चरबी आणि प्रथिने टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे वाइन मऊ लागते, आणि या द्राक्षाच्या अंगच्या आंबटपणामुळे पुढचा घास हवाहवासा वाटतो. आमच्या टेबलावर सुक्याचे ताट दोनदा मागवले गेले.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण आपल्याकडे ती फार ठिकाणी दुर्लक्षित राहते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असे सांगितले जाते ते युरोपातल्या थंड खोल्या डोळ्यांपुढे ठेवून, म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि फेब्रुवारीतली दुपारही चांगलीच तापते. या मंडळींनी लाल वाइनच्या बाटल्या वाढण्यापूर्वी काही वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवल्या होत्या. कोमट लाल वाइनमध्ये मद्यार्काचाच वास आधी येतो, आणि पहिल्यांदा चाखणाऱ्याचे मन तिथेच उडते.

जेवण सुरू असताना ताईंनी तोडणीच्या हंगामातले शिराझचे काही घड टेबलांवर फिरवले. काकांनी दोन मणी तोंडात टाकले, बिया चावल्या आणि म्हणाले, “साखर चांगली उतरलीय, पण ताई, हे खायचं द्राक्ष नाही.” ते नान्नजच्या परिसरातले, सोनाका आणि शरद सीडलेस ही बिनबियांची वाणे त्याच गावातून महाराष्ट्रभर गेली. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ आणि आत बी नको, म्हणून बागायतदार जीव टाकतो. वाइनच्या द्राक्षाला याच्या बरोबर उलट, लहान मणी आणि जाड साल लागते, कारण रंग आणि बरेचसे टॅनिन सालीतून येतात. काकांची द्राक्षे बहुतांश बेदाण्याला जातात. त्यांनी ताईंना एकरी उतारा, खरेदीचा करार आणि पैसे मिळण्याची मुदत याविषयी बारकाईने विचारले. त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे संभाषण तेच होते, असे मला वाटते, आणि पुढच्या वेळी आयोजकांनी दहा-बारा बागायतदारांना मुद्दाम बोलवावे.

रविवारी दुपारी मागच्या मोकळ्या अंगणात आगटी पेटवून हुरडा होता. गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, गरम असतानाच तळहातावर चोळून, फुंकर मारून हिरवे दाणे पुढ्यात टाकले जात होते. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही आणि बोरे. त्याला सोव्हिन्याँ ब्लां ही पांढरी वाइन दिली होती. ढोबळी मिरचीला जो हिरवट वास असतो तो पायराझीन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि हेच द्रव्य या द्राक्षातही असते, म्हणून कोवळ्या ज्वारीच्या हिरव्या चवीशी ती वाइन सहज मिळून गेली. गुळाचा खडा तोंडात असताना मात्र तीच वाइन आंबट लागत होती. शेंगापोळी आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनबाबतही थोडेफार असेच झाले. पोळीतला गूळ वाइनपेक्षा वरचढ ठरला. माझ्या मते शेंगापोळी साजूक तुपासोबतच खावी.

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली तेव्हा रश्श्याविषयी सविस्तर लिहिले. तांबड्या रश्श्याला शिराझऐवजी शनिवारचीच गार शेनिन ब्लां द्यावी आणि शिराझ कबाबांसाठी राखावी, असे सुचवले. मुख्य आचारी दादा तिथेच उभे होते. त्यांनी ते वाचले आणि म्हणाले, “शनिवारी दोन टेबलांवरून निरोप आला होता, पुढच्या वेळी रस्सा जरा कमी तिखट करा म्हणून. मी नाही म्हणालो. वाइन बदलतो.” पुढचा कार्यक्रम त्यांना बेदाण्याच्या हंगामात, मार्चअखेरीस करायचा आहे, आणि रश्श्यासोबत शेनिन ब्लां हे त्यांनी माझ्यासमोरच वहीच्या समासात लिहून ठेवले.